बालेकिल्ल्यातला सिनेटर पाडायचा कसा? नेब्रास्का २०२४ आणि बाकीची आकडेमोड

मोजपट्टी

रिपब्लिकन बालेकिल्ल्यात विद्यमान सिनेटरसमोर कोणी तगडा उमेदवार उभा राहिला की दर दोन वर्षांनी तीच चर्चा होते. पैसा किती जमला, सर्व्हे काय म्हणतो, सभांना गर्दी किती. निकाल लागला की "थोडक्यात हुकलं" नाहीतर "पैसे पाण्यात गेले", आणि विषय संपतो. हा धागा मधल्या हिशेबासाठी.

माझी पट्टी सोपी आहे. आधीच्या किंवा त्याच दिवशीच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्या राज्यात रिपब्लिकन उमेदवाराला किती टक्क्यांचं मताधिक्य होतं ते घ्या. त्यातून सिनेटरचं मताधिक्य वजा करा. उरली ती आव्हान देणाऱ्याची कमाई.

टेक्सास २०१८, बेटो ओरूर्क वि. टेड क्रूझ: ९ वजा २.६, कमाई ६ च्या आसपास.
साउथ कॅरोलायना २०२०, जेमी हॅरिसन वि. लिंडसे ग्रॅहम: ११.७ वजा १०.२, कमाई दीड.
केंटकी २०२०, एमी मॅकग्राथ वि. मिच मॅककॉनेल: २६ वजा १९.६, कमाई ६ च्या वर.
मोंटाना २०२०, स्टीव्ह बुलक वि. स्टीव्ह डेन्स: १६ वजा १०, कमाई ६.
कॅन्सस २०१४, ग्रेग ऑर्मन वि. पॅट रॉबर्ट्स: जवळपास २२ वजा १०.६, कमाई ११.
युटा २०२२, एव्हन मॅकमलिन वि. माइक ली: २०.५ वजा १०.५, कमाई १०.
नेब्रास्का २०२४, डॅन ऑस्बर्न वि. डेब फिशर: २०.५ वजा ६.७, कमाई १४ च्या जवळ.

सातही पडले, हे आधीच सांगून टाकतो. पण पहिले चार डेमोक्रॅटिक पक्षाच्या चिन्हावर होते आणि शेवटचे तीन अपक्ष. त्या तिघांसमोर डेमोक्रॅट उमेदवार नव्हताच, किंवा त्याने वेळेत माघार घेतली. बुलक तर मोंटानाचे दोन वेळचे गव्हर्नर, राज्यभर ओळखीचा चेहरा, तरी कमाई सहाच. म्हणजे उमेदवाराची लोकप्रियता एका मर्यादेपर्यंत चालते, पुढे नावासमोरचं पक्षाचं लेबल आडवं येतं.

नेब्रास्कात तर आयता प्रयोग झाला. २०२४ ला तिथे एकाच दिवशी सिनेटच्या दोन जागांसाठी मतदान होतं. एका जागेवर ऑस्बर्न अपक्ष, ४६.५ टक्के. दुसऱ्या जागेवर पीट रिकेट्स यांच्यासमोर डेमोक्रॅट प्रेस्टन लव्ह, ३७.४ टक्के. तेच मतदार, तीच मतपत्रिका, ९ टक्क्यांचा फरक.

---

काठावरचा

पट्टी चांगली आहे, पण तिच्या दोन टोकांना दोन वेगवेगळ्या सालांची हवा आहे. २०१८ ची हवा डेमोक्रॅटांच्या बाजूची होती, त्यामुळे ओरूर्क यांची कमाई फुगलेली दिसते. २०१४ ची हवा रिपब्लिकनांची, त्यामुळे ऑर्मन यांची कमी दिसते. २०२० आणि २०२४ मध्ये अध्यक्षीय मतदान त्याच दिवशी होतं, ते आकडेच खरे तुलनेचे.

दुसरं, लव्ह यांच्याकडे प्रचाराला पैसाच नव्हता आणि समोर अब्जाधीश घराण्यातले माजी गव्हर्नर. ऑस्बर्न यांच्या जाहिराती मात्र महिनोन् महिने चालल्या. ९ टक्क्यांचं सगळं श्रेय लेबल नसण्याला देणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

---

मोजपट्टी

हवेचा मुद्दा मान्य, म्हणून दशांशावर भांडणार नाही.

पैशाचा मान्य नाही. पैशानेच फांदी मोडत असती तर हॅरिसन जिंकले असते. एकूण १३ कोटी डॉलरच्या घरात निधी, त्यातले ५ कोटी ७० लाख एकट्या तिसऱ्या तिमाहीत. सिनेट उमेदवारासाठी तोवरचा तो विक्रम होता. मॅकग्राथ यांनीही ९ कोटींच्या वर जमवले. एवढं करून एकाची कमाई दीड टक्का, दुसरीची सहा. शिवाय हॅरिसन यांचा आकडा गाजल्यावर ग्रॅहम रोज टीव्हीवर येऊन देणग्या मागू लागले आणि तेही १० कोटींच्या पार गेले. मतदाराने तीच जाहिरात पंचवीस वेळा पाहिल्यावर सव्विसाव्यांदा काय होणार?

पहिल्या लाखांना किंमत असते. उमेदवार कोण हे लोकांना कळायला ते लागतातच. शेवटचे कोट्यवधी फक्त टीव्ही स्टेशनांच्या कामाला येतात.

---

फाईलवाला

कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण उत्साही मंडळी इथेच पहिला पाय घसरवून घेतात.

सिनेटरसाठी घटनेच्या अटी तीनच: वय ३०, नागरिकत्वाला ९ वर्षं, आणि निवडून येताना त्या राज्याचा रहिवासी. निवडणूक खर्चाला कमाल मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या १९७६ च्या बकली खटल्यापासून ती घालताच येत नाही. आपल्याकडच्या लोकसभेच्या ९५ लाखांच्या मर्यादेच्या सवयीने विचार करू नका. मर्यादा आहे ती देणगीवर.

५,००० डॉलरच्या वर जमा किंवा खर्च झाला की कायद्याने तुम्ही उमेदवार. तिथून १५ दिवसांत एफईसीकडे, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाकडे, फॉर्म २. त्यात प्रचार समितीचं नाव दिलं की पुढच्या १० दिवसांत फॉर्म १. समितीला खजिनदार हवाच. खजिनदाराचं पद रिकामं असेल त्या काळात एक डॉलर घेता येत नाही आणि खर्चताही येत नाही. खजिनदाराने राजीनामा दिला आणि उपखजिनदार नेमलेला नसला की सगळं ठप्प. म्हणून पहिल्याच फॉर्मवर दोन्ही नावं टाकावीत.

२०२५-२६ साठी एका व्यक्तीची मर्यादा प्रति निवडणूक ३,५०० डॉलर. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि सार्वत्रिक या दोन वेगळ्या निवडणुका धरतात, म्हणून एकूण ७,०००. सार्वत्रिकसाठी घेतलेले साडेतीन हजार वेगळे दाखवावे लागतात. प्रायमरीत पडलात तर ते परत करा, नाहीतर दात्याच्या संमतीने दुसरीकडे वळवा, त्यालाही ६० दिवसांची मुदत. प्रायमरी अवघड असताना हेच पैसे उधळून बसलेल्या समित्या नंतर कर्जात बुडतात.

अपक्षांना न माहीत असलेली गोष्ट: प्रायमरी लढवत नसलात तरी तुम्हालाही दोन मर्यादा मिळतात. मतपत्रिकेवर नाव येण्याची राज्यातली शेवटची तारीख "प्रायमरी" म्हणून धरता येते. हे न कळल्यामुळे दात्याकडून निम्मेच पैसे मागितले जातात.

छोटी कलमं: रोख १०० डॉलरच्या वर नाही. कंपनीचा चेक चालत नाही, मग दुकान मालकाचं एकट्याचं का असेना. एकाच माणसाकडून २०० च्या वर गेलं की व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण नोंदवायचं. संयुक्त खात्याच्या चेकवर नवऱ्याची एकट्याची सही असेल तर रक्कम त्याच्या एकट्याच्या नावावर, बायकोच्या वाट्याची धरायची तर तिचं सहीचं पत्र हवं. निवडणुकीच्या शेवटच्या २० दिवसांत १,००० किंवा अधिकची देणगी आली की ४८ तासांत कळवायचं.

---

डॅलसकर

फाईलवाला, एक शंका. एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी देणगी दिली तर काय होतं? इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर अशा लिंका सर्रास फिरतात.

---

फाईलवाला

देऊच नये. एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसा, सगळे "परदेशी नागरिक" या व्याख्येत येतात आणि त्यांना केंद्रीय, राज्य, स्थानिक कुठल्याच निवडणुकीत देणगी देता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना देता येते, मत देता येत नसलं तरी.

व्हिसावाल्याला विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करता येतं: दारोदार जाणं, फोन करणं, पाकिटं भरणं. पण पैसा कुठे खर्च करायचा अशा निर्णयात भाग घेता येत नाही. आणि नागरिक असलेल्या भावाच्या नावाने आपले पैसे भरणं हा तर वेगळा गुन्हा. "त्याच्या कार्डवरून भर, मी तुला झेल करतो" (म्हणजे झेल ॲपवरून पैसे परत पाठवतो) हे वाक्य लेखी मेसेजमध्ये सापडतं आणि तिथेच प्रकरण उभं राहतं.

---

सहीशिक्का

अपक्ष म्हणून उभं राहायचं तर पहिली परीक्षा सह्यांची. राज्याराज्यांत नियम इतके वेगळे की एका राज्याचा अनुभव दुसऱ्या राज्यात नेऊ नये.

नेब्रास्कात राज्यव्यापी पदासाठी ४,००० वैध सह्या, त्याही तिन्ही काँग्रेस (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) मतदारसंघांतून किमान कोटा भरून. सगळ्या सह्या ओमाहाच्या बाजारात उभं राहून गोळा केल्या तर पश्चिमेकडचा कोटा अपुरा पडतो. टेक्सासमध्ये आकडा त्याहून कितीतरी मोठा, वर अशी अट की त्या वर्षीच्या प्रायमरीत मत दिलेल्या माणसाची सही चालत नाही. म्हणजे राजकारणात ज्यांना रस आहे तेच बाद!

४,००० हव्या असतील तर ६,००० च्या खाली थांबू नका. बाद होण्याची कारणं नेहमीची. सही करणारा मतदारयादीत नसतो. घर बदललेलं असतं आणि यादीवर जुना पत्ता असतो. एकाच माणसाने दोनदा सही केलेली असते, एकदा दुकानासमोर आणि एकदा जत्रेत. अक्षर लागत नाही. आणि सर्वांत महाग चूक: सह्या गोळा करणाऱ्याने पानाच्या तळाशी स्वतःचं प्रतिज्ञापत्र अर्धवट भरलेलं असतं. एक सही बाद होणं वेगळं, अख्खं पान बाद होणं वेगळं.

इलाज कंटाळवाणा आहे. रोज संध्याकाळी पानं जमा करायची, त्याच रात्री मतदारयादीशी पडताळायची, वैध सह्यांचा आकडा फळ्यावर लिहायचा. गोळा किती झाल्या हा आकडा लिहायचाच नाही, त्याने खोटं समाधान मिळतं. ज्याच्या पानांवर बाद सह्या जास्त त्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगायचं. आठवड्याने सांगून उपयोग नाही, तोवर त्याने आणखी शंभर तशाच आणलेल्या असतात.

---

काठावरचा

यात "सरळ पक्षमत" राहिलं. काही राज्यांत मतपत्रिकेच्या डोक्यावर एकच खूण केली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. केंटकी, साउथ कॅरोलायना, अलाबामा, इंडियाना, ओक्लाहोमा इथे ते आहे. टेक्सासमध्ये २०१८ पर्यंत होतं, २०२० पासून गेलं. नेब्रास्का, कॅन्ससमध्ये नाही. अपक्षाने अशा राज्यात उभं राहणं म्हणजे निम्म्या मतदारांनी आपलं नाव न वाचताच बाहेर पडणं. मोजपट्टी, तुमच्या यादीतले तिन्ही यशस्वी म्हणावेत असे अपक्ष असल्या सोयी नसलेल्या राज्यांतले आहेत. युटानेही ही पद्धत २०२० च्या निवडणुकीआधी काढली.

---

मोजपट्टी

हे डोक्यात आलंच नव्हतं. मस्त मुद्दा.

---

सूर्यफूल

कॅन्सस २०१४ वर सविस्तर लिहायलाच हवं, कारण नेब्रास्काचा आराखडा त्यातून निघतो.

रॉबर्ट्स १९९७ पासून सिनेटमध्ये. त्या वर्षी बातमी आली की कॅन्ससमध्ये त्यांचं राहतं घरच नाही. डॉज सिटीत एका समर्थकाच्या घरी ते भाडं देऊन खोली वापरतात. त्यावर त्यांनी गमतीत म्हटलं की तिथली आरामखुर्ची मला पूर्ण मोकळी आहे. ती आरामखुर्ची शेवटपर्यंत त्यांना चिकटली. ५ ऑगस्टच्या प्रायमरीत त्यांना ४८ टक्केच मतं पडली. समोर मिल्टन वुल्फ, ४१.

३ सप्टेंबरला डेमोक्रॅट उमेदवार चॅड टेलर यांनी माघार घेतली. निवडणुकांचं काम पाहणारे राज्य सचिव म्हणाले की पत्रात "काम करण्यास असमर्थ" असं लिहिलेलं नाही, नाव राहणार. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८ सप्टेंबरला नाव काढण्याचा आदेश आला. परदेशातल्या मतदारांच्या मतपत्रिका २० तारखेला रवाना करायच्या होत्या! दोन दिवस.

तेव्हा सर्व्हेंमध्ये ऑर्मन पुढे होते. मग रॉबर्ट्स यांच्या प्रचाराची सूत्रं राष्ट्रीय पक्षाने हातात घेतली, बाहेरून नवे व्यवस्थापक आले. बॉब डोल, जॉन मॅकेन, सेरा पेलिन, एकामागून एक सभा. सगळ्यांचा प्रश्न एकच: निवडून आलात तर सिनेटमध्ये बसणार कुणाच्या बाकावर? ऑर्मन म्हणाले, ज्याचं स्पष्ट बहुमत त्याच्यासोबत. ऐकायला शहाणपणाचं उत्तर, पण मतदाराला ते "वारा येईल तसं" वाटलं. शेवटी ५३.१ विरुद्ध ४२.५.

इथे सर्व्हे खोटे नव्हते. सप्टेंबरमध्ये जे रिपब्लिकन मतदार "अजून ठरवलं नाही" म्हणत होते ते नाराज होते, अनिश्चित नव्हते. ऑक्टोबरच्या शेवटी ते स्वगृही परतले. म्हणून असल्या राज्यात "सिनेटर ४६, आव्हान देणारा ४७, अनिश्चित ७" असा सर्व्हे आला तर पेढे वाटू नका. त्या सातांतले निम्म्याहून कितीतरी अधिक कोणाचे, हे त्यांच्या नोंदणीचा पक्ष पाहिला की लगेच कळतं.

---

रेघोटी

बाकावर बसण्याचा प्रश्न नुसता प्रचाराचा नाही. सिनेटमध्ये समित्यांवरच्या जागा पक्षांच्या गटांमार्फत वाटल्या जातात. सँडर्स आणि किंग अपक्ष असूनही डेमोक्रॅटांच्या गटात बसतात ते म्हणूनच. ऑस्बर्न आणि मॅकमलिन दोघांनी "कुठल्याच गटात नाही" असं सांगितलं. प्रचारात ते उत्तर ऑर्मन यांच्यापेक्षा बरं, पण शेतकऱ्याने "मग कृषी समितीवर तुम्हाला घेणार कोण?" विचारलं की पंचाईत होते.

आणि ऑस्बर्न यांनी मे २०२४ मध्ये कुठल्याही पक्षाचा पाठिंबा नको म्हटल्यावर राज्यातले डेमोक्रॅट नेते उघड चिडले होते, हेही लिहा. लेबल काढायची किंमत असते. पक्षाची मतदारयादी, पक्षाचं सॉफ्टवेअर, पक्षाचे जुने कार्यकर्ते, काहीच आपोआप मिळत नाही. राज्याची यादी विकत घ्या, तिला फोन नंबर जोडून घ्या, पश्चिम नेब्रास्कात दारोदार जायला माणसं शोधा. शहरात एका तासात डझन-दीड डझन दारं होतात. तिकडे दोन घरांच्या मध्ये मैलभर मका.

---

ठोकताळा

टीव्हीच्या वेळेची खरेदी. इथे आव्हान देणाऱ्याला कायद्याने एक फायदा आहे आणि तो बरेच जण वाया घालवतात.

सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीचे ६० दिवस (प्रायमरीच्या आधीचे ४५) स्टेशनाने उमेदवाराला त्या प्रकारच्या वेळेचा सर्वांत कमी दर लावायचा असतो, जो दर त्यांच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला लागतो तोच. ३ नोव्हेंबर २०२६ च्या मतदानासाठी ही खिडकी ४ सप्टेंबरला उघडते. सुपर पॅकना (उमेदवारापासून वेगळे राहून अमर्याद पैसा खर्चणाऱ्या गटांना) हा दर नाही. तीच ३० सेकंदं त्यांना कितीतरी महाग पडतात. म्हणून उमेदवाराच्या खात्यातला एक डॉलर बाहेरच्या गटाच्या दोन-तीन डॉलरांचं काम करतो. बाहेरून मोठा आकडा आला म्हणून हुरळू नये, आणि विरोधकाच्या बाजूने आला म्हणून गांगरूही नये.

पण जाहिरातीत विरोधकाचा उल्लेख असेल तर शेवटी उमेदवाराचं चित्र आणि मंजुरीची ओळ किमान ४ सेकंद, पडद्याच्या उंचीच्या ४ टक्के अक्षरांत दिसायला हवी. संपादकाने घाईत ती साडेतीन सेकंदांची केली तर कमी दराचा हक्कच जातो. विरोधी वकील स्टॉपवॉच घेऊन बसलेले असतात.

दुसरी चूक: स्वस्तातली "काढून टाकता येणारी" वेळ घ्यायची आणि निर्धास्त राहायचं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जास्त पैसे देणारा आला की तुमची जाहिरात खाली उतरते. बदली वेळ मिळते, पण ती कधीकधी मतदान झाल्यावरची! शेवटच्या दोन आठवड्यांच्या संध्याकाळच्या बातम्या महाग वर्गात घ्या, बाकी स्वस्तात. स्टेशनं प्रचार समितीला उधार देत नाहीत. पैसे खात्यात दिसल्याशिवाय जाहिरात लागत नाही, म्हणून शुक्रवारची बँकेची वेळ चुकली की सोमवार-मंगळवार रिकामे.

नेब्रास्काचा नकाशा पाहा. ओमाहाच्या स्टेशनांचे बरेच प्रेक्षक नदीपलीकडे आयोवात, तेवढा पैसा वायाच. वर अध्यक्षीय वर्षात दुसऱ्या (ओमाहाच्या) काँग्रेस मतदारसंघाचं एक इलेक्टोरल मत, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातलं मत, वेगळं मोजलं जातं, म्हणून ओमाहात अध्यक्षीय जाहिरातींची गर्दी आणि दर चढलेले. लिंकन-हेस्टिंग्ज-कर्नी पट्ट्यात तोच पैसा जास्त मतदारांपर्यंत पोहोचतो. पश्चिम टोकाला डेन्व्हरची स्टेशनं दिसतात. तिथे टीव्ही घेणं म्हणजे कोलोरॅडोला जेवायला बोलावणं. रेडिओ आणि टपाल बरं.

आणि हेरगिरीची गरज नाही. प्रत्येक स्टेशन राजकीय जाहिरातींचे करार एफसीसीच्या (प्रसारणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या) सार्वजनिक फाईलमध्ये टाकतं. विरोधकाने कोणत्या आठवड्यात, कोणत्या कार्यक्रमात, किती दराने वेळ घेतली ते रोज सकाळी फुकट वाचता येतं. ते वाचायला एक माणूस नेमा, इंटर्न चालेल.

---

खोडरबर

सगळे सार्वत्रिक निवडणुकीवरच का अडलेत? बालेकिल्ल्यात सिनेटर पडतो तो बहुतेकदा प्रायमरीत. इंडियानाचे रिचर्ड लुगार, ३६ वर्षांची कारकीर्द, २०१२ च्या प्रायमरीत ३९ विरुद्ध ६१ ने गेले. तिथेही राज्यात घर नसण्याचं प्रकरण होतं. युटाचे बॉब बेनेट २०१० मध्ये पक्षाच्या अधिवेशनातच तिसरे आले, प्रायमरीपर्यंत पोहोचलेच नाहीत.

पण रनऑफचा, म्हणजे कोणालाच ५० टक्के न मिळाल्यास होणाऱ्या दुसऱ्या फेरीचा, नियम बघून घ्या. मिसिसिपी २०१४: पहिल्या फेरीत क्रिस मॅकडॅनियल किंचित पुढे, दोघेही ५० च्या खाली. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी. थॅड कॉक्रन यांच्या लोकांनी डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांना बाहेर काढलं, कारण तिथे पक्षनोंदणी नाही आणि पहिल्या फेरीत डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत न दिलेल्या कोणालाही यात मत देता येत होतं. कॉक्रन वाचले. मॅकडॅनियल यांचा सगळा हिशेब पहिल्या फेरीच्या मतदारांवर बेतलेला होता.

---

मोजपट्टी

खोडरबर, बरोबर, पण त्या वाटेने सिनेटर बदलतो, पक्ष बदलत नाही. मोठा अपवाद लुगार यांचा: त्यांना हरवणारे मोरडॉक सार्वत्रिकमध्ये पडले आणि जागा डेमोक्रॅटांकडे गेली. असा योग जुळवून आणता येत नाही.

सार्वत्रिकमध्ये बालेकिल्ल्यातला सिनेटर पडल्याची उदाहरणं काढा. अलास्का २००८: टेड स्टीव्हन्स, मतदानाच्या आठ दिवस आधी सात कलमांखाली दोषी, तरी चार हजारांहून कमी मतांनी पडले. (तो निकाल पुढे २००९ मध्ये रद्द झाला.) मोंटाना २००६: कॉनराड बर्न्स, अब्रामॉफ या लॉबिस्टच्या लाचखोरी प्रकरणाचा डाग, साडेतीन हजारांनी गेले. व्हर्जिनिया तेव्हा रिपब्लिकनांकडे झुकलेली होती: जॉर्ज अ‍ॅलन, २००६, नऊ हजारांच्या आसपास. तिन्ही वेळा सिनेटरने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता आणि तरी फरक चिमूटभर.

---

रेघोटी

अवांतर, पण आपल्या लोकांशी संबंध आहे: अ‍ॅलन यांचा तो धोंडा म्हणजे ऑगस्ट २००६ मध्ये विरोधी उमेदवार जिम वेब यांच्याकडून कॅमेरा घेऊन पाठीमागे फिरणाऱ्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला भर सभेत "मकाका" (माकडाच्या एका जातीवरून आलेली वंशद्वेषी शिवी) म्हणणं. पोरगा व्हर्जिनियाचाच, आणि हे म्हणाले "अमेरिकेत स्वागत असो". त्यानंतर प्रत्येक गंभीर प्रचारात एक माणूस फक्त विरोधकाचं चित्रीकरण करायला असतो. काम कंटाळवाणं: प्रत्येक सभा, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, वाद न घालता, सार्वजनिक जागेतच उभं राहून. शंभर तासांतले वीस सेकंद कामाचे.

---

सूर्यफूल

त्यासोबत जुन्या मतदानाचा अभ्यासही. मॅककॉनेल स्वतः १९८४ मध्ये आव्हान देणारे होते. समोर डी हडलस्टन, सुरक्षित समजले जाणारे डेमोक्रॅट. मानधन घेऊन भाषणं द्यायला गेल्यामुळे त्यांची सिनेटमधली मतदानं चुकली होती, हे कागदावर सापडलं. जाहिरातीत शिकारी कुत्रे हडलस्टन यांचा वास घेत देशभर हिंडताना दाखवले. पाच हजारांच्या आसपास मतांनी मॅककॉनेल आले आणि मग चाळीस वर्षं हलले नाहीत.

ऑस्बर्न यांचं त्याच घराण्यातलं: फिशर यांच्यासारखी दिसणारी बाई, अंगात मोटार शर्यतीतल्या चालकाचं जाकीट, आणि जाकिटावर देणगीदार कंपन्यांचे बिल्ले शिवलेले. आवाज बंद करून पाहिली तरी कळते. फिशर यांनी २०१२ मध्ये दोनच टर्म घेईन असं सांगितलं होतं, हे मागे उभं होतंच.

आणि स्वतःच्या उमेदवाराचाही असाच शोध घ्या, पैसे देऊन, त्रयस्थाकडून. नॉर्थ कॅरोलायनात २०२० मध्ये कॅल कनिंगहॅम सर्व्हेंत पुढे होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खासगी प्रेमसंदेश बाहेर आले, मान्य करावे लागले, आणि दोन टक्क्यांच्या आत पडले.

---

काठावरचा

लेबलाबद्दल माझी शेवटची शंका. केंटकीत २०१४ मध्ये अ‍ॅलिसन लंडरगन ग्राइम्स यांनी "ओबामांना मत दिलं का" याचं उत्तरच दिलं नाही. लेबल झाकायचा प्रयत्न होता, उलट तेच डोळ्यांत भरलं. अपक्ष म्हणून उभं राहिल्यावरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. मग उत्तर काय द्यायचं?

---

मोजपट्टी

ऑस्बर्न यांना एक उपलब्ध होतं जे ऑर्मन आणि मॅकमलिन यांना नव्हतं: पेशा. स्टीमफिटर (वाफेचे पाइप बसवणारे कारागीर), २०२१ च्या केलॉग्ज संपात ओमाहाच्या कारखान्यातले कामगार नेते. ५ ऑक्टोबर ते २१ डिसेंबर, चार कारखाने, साधारण १,४०० कामगार. ऑर्मन गुंतवणूकदार, मॅकमलिन माजी सीआयए अधिकारी. "तुम्ही कुणाचे?" याला ऑस्बर्न यांचं उत्तर कारखान्यातून आलेलं होतं. वर शेतकऱ्याला आपला ट्रॅक्टर आपण दुरुस्त करण्याचा हक्क हा मुद्दा, जो ना या पक्षाचा ना त्या पक्षाचा. एका जाहिरातीत तर ट्रम्प यांना भिंत बांधायला मदत लागली तर माझा हात बसलेला आहे, अशा अर्थाचं बोलले. डेमोक्रॅट उमेदवाराच्या तोंडी हे वाक्य कोणी खरं मानलं नसतं.

उशिरा का होईना समोरचे जागे झालेच. सिनेट लीडरशिप फंड हा रिपब्लिकनांचा सुपर पॅक ऑक्टोबरमध्ये उतरला, ट्रम्प यांनी फिशर यांच्यासाठी चित्रफीत काढली, आणि "हा डेमोक्रॅटच" हा जुना सूर लागला. हीच खरी कोंडी आहे. छोट्या देणग्यांसाठी गाजावाजा लागतो आणि गाजावाजा झाला की सिनेटर सावध होतो. एफईसीचे तिमाही हिशेब १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबरला सगळ्यांना दिसतात. मोठा आकडा जुलैत दाखवण्यापेक्षा ऑक्टोबरच्या हिशेबात दिसावा, असं माझं मत. तोवर विरोधकाला चांगल्या वेळा महाग झालेल्या असतात.

---

ठोकताळा

मग २०२६? ऑस्बर्न यांनी जुलै २०२५ मध्येच रिकेट्स यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. इथे सिनेटर झोपलेला नाही.

---

मोजपट्टी

झोपलेला नाही आणि स्वतःच्या खिशातून घालू शकतो, ज्याला मर्यादाच नाही. उलट बाजूला, ट्रम्प मतपत्रिकेवर नाहीत आणि ऑस्बर्न यांना ओळख करून द्यायचा खर्च नाही. पोटापाण्याचा प्रश्नही थोडा सुटला आहे: मार्च २०२४ पासून उमेदवाराला समितीकडून पगार घेता येतो, गेल्या पाच वर्षांची सरासरी कमाई किंवा प्रतिनिधिगृहाच्या सदस्याच्या पगाराचा निम्मा म्हणजे ८७,००० डॉलर, जे कमी असेल ते. कामगार उमेदवाराला याचा उपयोग खरा.

मागच्या वेळचा फरक साधारण ६३ हजार मतांचा होता. म्हणजे ३२ हजार मतदार इकडून तिकडे. ९३ काउंट्यांत (जिल्ह्यांत) वाटले तर प्रत्येकी साडेतीनशेच्या आत, पण तसे ते वाटलेले नाहीत. डग्लस, लँकेस्टर, सार्पी या तीन काउंट्यांत राज्याची निम्म्याहून अधिक वस्ती, आणि उरलेल्या नव्वदांत रिपब्लिकन पगडा. माझ्या मते हिशेब त्या नव्वदांतच लागेल. तिथे ७५-२५ ऐवजी ६८-३२ ने हरणं. टीव्हीवर ते होत नाही.

---

रेघोटी

त्या नव्वदांपैकी काही ठिकाणी गावचा एकुलता एक रेडिओ सकाळी धान्याचे भाव सांगतो. तो स्लॉट सप्टेंबरपर्यंत कोणी घेत नाही. रिकेट्स यांच्या लोकांनी अजून घेतला नसेल तर आत्ताच विचारून ठेवावा.